केल्पच्या अरण्यात प्राणी मोजताना

सागरी जीवशास्त्राच्या पदव्युत्तर वर्गातल्या एका विद्यार्थिनीचा प्रश्न असा आहे: थंड पाण्याच्या एका खडकाळ किनाऱ्यालगत केल्पचे, म्हणजे मोठ्या समुद्री शैवलाचे, अरण्य आहे, तिच्याजवळ स्कूबाचे प्रमाणपत्र आहे आणि हाताशी तीन महिन्यांचा मोसम आहे. या अरण्यातल्या प्राण्यांचा अभ्यास करायचा तर काय मोजावे, कसे मोजावे, आणि एवढ्या मोजणीवरून अरण्य निरोगी आहे की नाही हे सांगता येईल का?

शेवटच्या भागाचे उत्तर आधी देते, कारण बाकीचे सगळे त्यावर अवलंबून आहे. प्राण्यांच्या नुसत्या संख्येवरून केल्पच्या अरण्याची प्रकृती सांगता येत नाही, मग मोजणी तीन महिन्यांची असो वा तीन वर्षांची. प्रत्येक प्राणी कोणत्या अवस्थेत आहे, म्हणजे तो कुठे बसला आहे, काय खात आहे, पोट भरलेला आहे की उपाशी, हे संख्येच्या जोडीला लिहिले आणि नंतर येणाऱ्या माणसाला तुमची जागा हातभर अंतराच्या आत सापडेल अशी तजवीज केली, तर मात्र तीन महिन्यांचे काम पुढची तीस वर्षे उपयोगी पडू शकते. मी या पाण्यात बुड्या मारू लागले तेव्हा हे मला कोणी सांगितले नव्हते, म्हणून ते इथे विस्ताराने लिहीत आहे.

आधी अरण्याची रचना ध्यानात घ्यावी, कारण मोजणीची पद्धत तिच्यावरून ठरते. केल्प दिसायला झाडासारखे असले तरी ते तपकिरी शैवलांच्या गटातले आहे. त्याला मुळे नसतात. होल्डफास्ट नावाचा बोटाबोटांचा गुंता खडकाला धरून ठेवतो आणि पोषणद्रव्ये मात्र पाती थेट पाण्यातून घेतात. उत्तर अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचे जायंट केल्प, म्हणजे मॅक्रोसिस्टिस, अनुकूल पाण्यात दिवसाला ६० सेंटिमीटरपर्यंत वाढते, तळापासून पृष्ठभागापर्यंत तीसेक मीटर चढते आणि वायूने भरलेल्या लहान फुग्यांच्या आधाराने वर पसरून छत तयार करते. त्याची एकेक शाखा काही महिनेच टिकते. जुन्या शाखा गळतात आणि त्याच होल्डफास्टमधून नव्या फुटतात. त्यामुळे आज डोक्यावर दिसणारे छत सहा महिन्यांपूर्वीचे नसते. नॉर्वेच्या किनाऱ्यावरचे लॅमिनेरिया हायपरबोरिया किंवा ऑस्ट्रेलियातले एक्लोनिया रेडिएटा पृष्ठभागापर्यंत पोहोचतच नाही. त्यांचे अरण्य पाण्याखालीच संपते. दक्षिण आफ्रिकेतले एक्लोनिया मॅक्झिमा पुन्हा वरपर्यंत येते. तुमचा किनारा कोणता हे प्रश्नात नाही, म्हणून मी पद्धत सर्वांना लागू पडेल अशी सांगते आणि उदाहरणे जिथली आहेत तिथलीच देते.

छत असलेल्या अरण्याचे तीन मजले मानावेत. वरच्या छतात माशांची पिल्ले, केल्प खेकडे, गोगलगायी आणि पात्यांवर पांढऱ्या जाळीसारखे पसरणारे ब्रायोझोआ असतात. मधल्या पाण्यात माशांचे थवे देठांच्या आडोशाने तरंगत असतात. तळाशी सी अर्चिन (काटेरी गोल कवचाचे प्राणी), तारामीन, ॲबलोन (मोठ्या सागरी गोगलगायी), खेकडे, शेवंडी आणि कपारीत राहणारे मासे असतात. होल्डफास्टच्या गुंत्यात तर वेगळेच जग आहे: एका मोठ्या होल्डफास्टमध्ये भंगुरतारे, कृमी, लहान कवचधारी आणि शिंपले मिळून शेकडो प्राणी सहज असतात. नवखा पाणबुड्या तळाकडे पाहत पोहतो आणि वरच्या दोन मजल्यांची नोंद त्याच्या कागदावर येतच नाही. पुढे त्या कागदावरून कोणी असा निष्कर्ष काढला की इथे माशांची पिल्ले नाहीत, तर ती चूक निष्कर्ष काढणाऱ्याची म्हणता येणार नाही.

मोजणीचा पाया म्हणजे रेषा, जिला सगळेच ट्रान्सेक्ट म्हणतात. तीस मीटरची टेप तळावर अंथरायची आणि तिच्या दोन्ही बाजूंना एकेक मीटर, असा दोन मीटर रुंदीचा पट्टा मोजायचा, ही पद्धत बऱ्याच ठिकाणी रुळलेली आहे. तुम्हीही तीच धरावी, म्हणजे तुमचे आकडे इतरांच्या आकड्यांशेजारी ठेवता येतील. क्रम मात्र महत्त्वाचा आहे. मासे आधी मोजायचे, आणि तेही टेप अंथरत असतानाच, कारण एकदा दोन माणसे त्या पट्ट्यावरून गेली की काही मासे दूर जातात आणि काही कुतूहलाने मागे मागे येतात. डोळ्यांसमोर दोन मीटर रुंद आणि दोन मीटर उंच असा बोगदा कल्पावा, एकसारख्या गतीने पुढे जावे, त्या बोगद्यात समोर असलेले मासे मोजावेत आणि मागून येऊन पुढे गेलेला मासा कितीही देखणा असला तरी सोडून द्यावा. हाच बोगदा मधल्या पाण्यात आणि छताखाली स्वतंत्रपणे पुन्हा मोजावा. परतीच्या वाटेवर तळाचे प्राणी मोजावेत, प्रत्येक कपारीत टॉर्च मारून, पण दगड न उलटवता. अर्चिन दाट असतील तर पन्नास मोजून झाल्यावर थांबावे आणि टेपवर कितव्या मीटरला पन्नास झाले ते लिहावे. तीस मीटरभर हजार अर्चिन मोजण्याच्या नादात हवा संपवणे शहाणपणाचे नाही. बोटाच्या पेरापेक्षा लहान प्राण्यांसाठी एक चौरस मीटरची चौकट वापरावी, कारण दोन मीटर रुंद पट्ट्यात ते नजरेतून निसटतात.

केल्पही मोजायचे आहे, कारण प्राण्यांची नोंद त्याच्याशिवाय वाचता येत नाही. एक मीटरपेक्षा उंच झालेले प्रत्येक केल्प मोजावे आणि जायंट केल्प असेल तर तळापासून एक मीटर उंचीवर त्याच्या किती शाखा आहेत ते लिहावे. दोनच शाखांची दहा केल्प आणि चाळीस शाखांची दहा केल्प ही माशांच्या दृष्टीने अगदी वेगळी घरे आहेत.

आता चुकांविषयी, कारण माझ्या मते या विद्येचा अर्धा भाग स्वतःच्या चुकीचे माप ठाऊक असण्यात आहे. मुखवट्याच्या काचेतून पाण्यात प्रत्येक वस्तू सुमारे एकतृतीयांश मोठी आणि सुमारे एकचतुर्थांश जवळ भासते. नवा निरीक्षक माशांची लांबी नेहमी जास्त लिहितो; शिवाय दोन मीटर रुंदीचा त्याचा अंदाजही बिघडतो. यावर उपाय सरावाचाच आहे. ठाऊक लांबीचे प्लास्टिकचे मासे दोरीला बांधून पाण्यात लटकवावेत, लांबी लिहावी, वर येऊन पडताळावी, आणि चूक ठरावीक मर्यादेच्या आत येईपर्यंत हे करत राहावे. जोडीदाराबरोबर एकाच पट्ट्यावर स्वतंत्र मोजणी करून दोघांचे आकडे शेजारी ठेवावेत. ते कधीच तंतोतंत जुळत नाहीत. ते किती जुळत नाहीत हे अहवालात लिहिले तर वाचणाऱ्याचा तुमच्यावरचा विश्वास वाढतो. दृश्यमानता तीन मीटरांपेक्षा कमी असेल त्या दिवशी माशांची मोजणी करू नये. लाटांचा हेलकावा जोरात असेल तर लहान प्राण्यांचीही करू नये, कारण शरीर सावरण्यात लक्ष जाते आणि कपारी न पाहता राहतात. पाण्याचे तापमान तळाशी आणि वर, दोन्हीकडे घ्यावे. थंड थराच्या वर आणि खाली माशांची वस्ती बदलते आणि त्याची नोंद नसेल तर तो बदल मोसमाचा वाटतो.

शून्य लिहिण्याची सवय मात्र पहिल्या बुडीपासून लावून घ्यावी. माझ्या सुरुवातीच्या वर्षांच्या कागदांवर सूर्यफूल तारामीन दिसला की आकडा आहे आणि दिसला नाही की रकाना कोरा आहे. तेव्हा तो प्राणी इतका नेहमीचा होता की त्याच्या नसण्याला अर्थ असेल असे वाटलेच नाही. पुढे तो नाहीसा झाला आणि आधी तो कुठे कुठे विरळ होता हे पाहण्यासाठी मी ते कागद काढले, तेव्हा कोऱ्या रकान्यांचा अर्थ मलाच लावता येईना: पाहिले आणि नव्हता, की त्या दिवशी पाहिलेच नाही? ते कागद त्या प्रश्नापुरते निरुपयोगी ठरले आणि त्याचे दुःख अजून आहे. यादीत जितक्या जाती आहेत तितक्या रकान्यांत प्रत्येक बुडीला आकडा पडलाच पाहिजे. जी जात त्या दिवशी शोधली नाही तिच्यापुढे स्पष्ट रेघ मारावी.

हा तारामीन इतका महत्त्वाचा का, हे सांगताना संख्या आणि अवस्था यांचा मूळ मुद्दा पुढे येतो. सूर्यफूल तारामीन, म्हणजे पिक्नोपोडिया, वीस-चोवीस हातांचा, मीटरभर पसरणारा आणि तारामिनांच्या मानाने वेगवान शिकारी आहे; सी अर्चिन हे त्याचे एक मुख्य भक्ष्य. २०१३ पासून अलास्कापासून मेक्सिकोपर्यंतच्या किनाऱ्यावर तारामिनांचे अंग विरघळवणारी साथ आली, तिच्यात या जातीचे नव्वद टक्क्यांहून अधिक प्राणी गेले आणि २०२० मध्ये ती अतिसंकटग्रस्त म्हणून नोंदली गेली. साथीमागे व्हिब्रिओ पेक्टेनिसिडा हा जिवाणू आहे, हे २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने दाखवले. साथीपाठोपाठ २०१४ ते २०१६ या काळात समुद्रावर उष्णतेची लाट राहिली. केल्पला नायट्रेट लागते आणि ते थंड, खालून वर येणाऱ्या पाण्यात असते; दक्षिण कॅलिफोर्नियात पाणी पंधरा-सोळा अंशांच्या वर गेले की त्यातले नायट्रेट जवळजवळ संपलेले असते. अशा रीतीने उत्तर कॅलिफोर्नियात एका बाजूने केल्पची वाढ खुंटली आणि दुसऱ्या बाजूने जांभळ्या अर्चिनवरचा पहारा उठला. साडेतीनशे किलोमीटर किनाऱ्यावरचे नव्वद टक्क्यांहून अधिक बुल केल्प (तिथली केल्पची मुख्य जात) गेले आणि उरला तो अर्चिनांनी भरलेला उघडा खडक, ज्याला आम्ही 'बॅरन' म्हणतो. तिथे ॲबलोन उपासाने मेले आणि २०१८ मध्ये हौशी ॲबलोन-मासेमारी बंद करावी लागली.

आता असा विचार करा की तुम्ही त्या बॅरनवर रेषा टाकली आहे. प्रत्येक चौरस मीटरला अर्चिनांची गर्दी आहे. अर्चिन हे सागरी पाणमांजराचे आवडते खाद्य, आणि पाणमांजर दररोज आपल्या वजनाच्या पाचव्या ते चौथ्या हिश्श्याएवढे खाते. नुसत्या संख्येवरून हे पाणमांजराचे भरलेले कोठार ठरेल. प्रत्यक्षात मॉन्टेरे उपसागरातल्या, २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात उलट दिसले: पाणमांजरे बॅरनकडे फिरकत नव्हती आणि केल्पच्या उरलेल्या तुकड्यांतले अर्चिन खात होती. कारण बॅरनवरच्या अर्चिनांच्या आत काहीच नव्हते. अर्चिनच्या कवचात पाच जननग्रंथी असतात, खाणाऱ्याला पोषण मिळते ते त्यांच्यातून. उपाशी अर्चिन त्या आटवून वर्षानुवर्षे जगू शकतो. बाहेरून तो धडधाकट दिसतो आणि तुमच्या पट्टीवर त्याचा व्यासही तेवढाच येतो. अर्चिनांनी गजबजलेला तो तळ पाणमांजराच्या दृष्टीने मात्र रिकामाच असतो.

म्हणून परवाना मिळत असेल तर केल्पखालचे पंधरा-वीस आणि उघड्या खडकावरचे तितकेच, साधारण एकाच व्यासाचे अर्चिन आणून उघडावेत आणि जननग्रंथींचे वजन एकूण वजनाच्या किती टक्के भरते ते काढावे. हा आकडा त्या जागेविषयी शंभर ट्रान्सेक्टइतके बोलतो. परवाना नसेल तर त्याहून साधी, कोणालाही इजा न करणारी नोंद आहे आणि ती मी प्रत्येक विद्यार्थ्याकडून करून घेते: प्रत्येक अर्चिनपुढे तो कपारीत होता की उघड्यावर होता, हे लिहायचे. भरल्या अरण्यात अर्चिन कपारीत बसून राहतो, कारण तुटलेली पाती वाहत त्याच्या दारात येतात आणि त्याला हिंडावे लागत नाही. ही वाहती रसद कमी झाली की तो बाहेर पडतो आणि उभ्या केल्पचा देठ कुरतडू लागतो. अर्चिनांची संख्या तीच असताना हे घडू शकते. कपारीतल्यांचे प्रमाण घटताना दिसणे ही माझ्या अनुभवात अरण्य बिघडण्याची सगळ्यात लवकर मिळणारी खूण आहे. छत विरळ होणे ही फार उशिराची खूण.

याला आणखी एक कारण आहे. अरण्याचे बॅरन होण्यासाठी जितके अर्चिन लागतात त्याच्या सुमारे दहाव्या हिश्श्यापर्यंत त्यांना खाली आणावे लागते, तेव्हा कुठे बॅरनचे पुन्हा अरण्य होते. जगभरच्या किनाऱ्यांवरच्या नोंदी एकत्र करून हे दाखवले गेले आहे. याचा अर्थ, या दोन मर्यादांच्या मधली कोणतीही संख्या हिरव्या अरण्यातही सापडेल आणि उघड्या खडकावरही. चौरस मीटरला अमुक अर्चिन, एवढेच वाचून कोणालाही ती जागा कोणती हे ओळखता येणार नाही.

पाणमांजराची गोष्ट मात्र जपून वापरावी. जेम्स एस्टिस आणि जॉन पामिसानो यांनी १९७४ मध्ये अल्यूशन बेटांविषयी जे दाखवले ते या शास्त्रातले मैलाचे काम आहे: फरच्या व्यापारातून वाचलेली पाणमांजरे जिथे होती त्या अमचिट्का बेटाभोवती केल्प दाट होते आणि ती जिथे नव्हती त्या शेम्या बेटाभोवती अर्चिनांनी खडक साफ केलेला होता. पुढे १९९० च्या दशकात किलर व्हेल पाणमांजरांची शिकार करू लागल्या तसे अर्चिन वाढले आणि केल्प घटले, हेही तिथेच नोंदले गेले. हे इतके स्वच्छ उदाहरण आहे की प्रत्येक विद्यार्थी ते आपल्या किनाऱ्यावर चिकटवू पाहतो. पण दक्षिण कॅलिफोर्नियाच्या बहुतेक भागातून पाणमांजर शंभरहून अधिक वर्षांपूर्वी गेले, तरी तिथली केल्पची अरण्ये सरसकट नाहीशी झाली नाहीत, कारण तिथे शीपहेड नावाचा जाड दातांचा मासा आणि शेवंडी अर्चिन खातात. टास्मानियात पाणमांजर कधी नव्हतेच. तिथे गरम होत गेलेल्या प्रवाहाबरोबर लांब काट्यांचा अर्चिन दक्षिणेकडे सरकत आला आणि त्याला फोडून खाण्याची ताकद फक्त मोठ्या शेवंडींमध्ये आहे, ज्यांच्या पाठीचे कवच १४० मिलिमीटरच्या पुढे गेलेले असते. मासेमारीत नेमक्या मोठ्या शेवंडी आधी जातात. अशा ठिकाणी 'शेवंडी: १२' ही नोंद काहीच सांगत नाही, त्या बारांपैकी किती जणींची लांबी तेवढी आहे, हे सगळे सांगते. शीपहेडचेही तसेच: हा मासा मादी म्हणून वाढतो आणि मोठा झाल्यावर नर होतो, दोघांचे रंग वेगळे असल्याने ते पाण्यात ओळखता येतात, तेव्हा लांबीबरोबर नर की मादी हे लिहिलेच पाहिजे. तुमच्या किनाऱ्यावर अर्चिनचा पहारेकरी कोण, हा प्रश्न पहिल्या आठवड्यात स्थानिक मच्छीमारांना आणि जुन्या पाणबुड्यांना विचारावा आणि त्या प्राण्याची लांबी मोजण्यावर वेळ खर्च करावा.

रात्रीविषयी थोडे. शेवंडी दिवसा कपारीत असतात आणि रात्री हिंडतात. शीपहेड रात्री कपारीत झोपतो. दिवसाच्या मोजणीतून निम्मे नाटक सुटते. तुमचा रात्रीच्या बुडीचा अनुभव पुरेसा नसेल तर ती करू नये, तळावर कॅमेरा ठेवून काम भागवावे.

इतर साधनांवर फार वेळ घालवू नये असे माझे मत आहे, निदान पहिल्या मोसमात. आमिष लावलेला कॅमेरा लाजऱ्या आणि मोठ्या माशांसाठी चांगला, पण आमिषाचा वास किती दूर गेला हे कळत नसल्याने त्यावरून घनता काढता येत नाही. पाण्यातल्या डीएनएवरून जातींची यादी मिळते आणि ती डोळ्यांनी केलेल्या यादीपेक्षा लांब असते. मात्र पाणी वाहते, त्यामुळे तो डीएनए शेजारच्या उपसागरातूनही आलेला असू शकतो, आणि प्राणी उपाशी होता की नाही हे तो सांगत नाही. उपग्रहांची चित्रे मात्र जरूर पाहावीत. लँडसॅट मालिकेतून १९८४ पासूनची केल्पच्या छताची नोंद काढता येते, चित्राचा एक ठिपका जमिनीवरचे तीस मीटर दाखवतो, आणि आपण पाहत असलेले छत मागच्या चाळीस वर्षांत किती वेळा येऊन गेले हे घरी बसून कळते. फक्त पृष्ठभागावर न येणारे केल्प त्यात दिसत नाही, हे विसरू नये. नॉर्वेच्या अरण्यांसाठी त्या चित्रांचा उपयोग नाही.

या चाळीस वर्षांचा उल्लेख मी मुद्दाम केला. कॅलिफोर्नियाच्या चॅनल आयलंड्स राष्ट्रीय उद्यानात ठरलेल्या जागांवर १९८२ पासून पाणबुडे मोजणी करत आले आहेत. त्यानंतर लगेच, १९८२-८३ च्या एल निन्योने आणि वादळांनी जायंट केल्पची मोठी हानी केली, १९९७-९८ मध्ये पुन्हा तेच झाले, आणि मधल्या काळात अनेक ठिकाणी अरण्य परत आले. फक्त १९८४ मध्ये पाहणाऱ्याने लिहिले असते की हे अरण्य संपले. फक्त १९९० मध्ये पाहणाऱ्याने लिहिले असते की इथे सारे ठीक आहे. दोघांचीही मोजणी बिनचूक असूनही. आणि १९८२ हीसुद्धा सुरुवात नव्हे. त्याआधी फरच्या व्यापाराने पाणमांजर जवळजवळ संपवले होते. केल्प चरणारी स्टेलरची सागरी गाय १७४१ मध्ये शास्त्रज्ञाने पाहिली आणि १७६८ पर्यंत ती नामशेष झाली. आपण जे अरण्य 'मूळचे' समजून मोजायला बसतो ते आधीच काही प्राणी गमावलेले असते. म्हणून अहवालात 'निरोगी' हा शब्द वापरू नये. कोणत्या वर्षाच्या तुलनेत काय वाढले आणि काय घटले एवढेच लिहावे, आणि तुलनेला वर्ष नसेल तर तसे स्पष्ट म्हणावे.

अरण्याला आणि स्वतःला इजा न होऊ देणे हा पद्धतीचाच भाग आहे. केल्पमध्ये अडकल्यावर गोल फिरू नये. थांबावे, मागे सरकावे आणि देठ ओढण्याऐवजी काडीसारखा दुमडून मोडावा, तो सहज तुटतो. दाट छताखालून वर येताना मोकळी जागा दिसेल इतकी हवा राखून ठेवावी. छतावरून पोहत नावेपर्यंत जाण्याची वेळ आली तर फार दमछाक होते. होल्डफास्ट उपटून आत काय आहे ते पाहण्याचा मोह होतो, पण तुमच्या प्रश्नाला त्याची गरज नाही, आणि एक होल्डफास्ट उपटणे म्हणजे त्यातले शेकडो प्राणी आणि वरची सगळी केल्प एका नमुन्यासाठी घालवणे. वादळानंतर किनाऱ्यावर ताजे होल्डफास्ट वाहून येतात, ते उघडून पाहावेत. पाणमांजरे केल्पची पाती अंगाभोवती गुंडाळून पाण्यावर विसावलेली असतात. त्यांच्या जवळ गेल्यास ती उठून जातात आणि ज्या प्राण्याच्या अंगावर चरबीचा थर नाही त्याची ऊब आणि शक्ती वाया जाते. त्यांचे निरीक्षण किनाऱ्यावरून दुर्बिणीने करावे. ती किती वेळाने काय घेऊन वर आली हे तिथूनच उत्तम कळते.

तीन महिन्यांची आखणी मी अशी करेन. पहिले तीन आठवडे मोजणी मुळीच नाही: जाती ओळखणे, लांबीचा सराव, जोडीदाराशी आकडे जुळवणे. मग तीन जागा निवडाव्यात, एक दाट अरण्याची, एक विरळ आणि एक उघड्या खडकाची; प्रत्येक ठिकाणी दोन खोलींवर तीन-तीन रेषा, आणि प्रत्येक रेषा मोसमात किमान दोनदा. एकाच जागेवरच्या सहा रेषा म्हणजे सहा अरण्ये नव्हेत, हे विश्लेषणाच्या वेळी लक्षात ठेवावे; तुमच्याकडे जागा तीनच आहेत आणि दावा तेवढाच करता येईल. माशांच्या पिल्लांची संख्या या तीन महिन्यांत झपाट्याने बदलत जाईल, म्हणून तिची पहिली आणि दुसरी फेरी कधीही एकत्र मिसळू नये. मोजायच्या जाती तीसच्या आत ठेवाव्यात. साठ जाती अर्धवट ओळखण्यापेक्षा पंचवीस जाती, त्यांची लांबी आणि त्या कपारीत होत्या की उघड्यावर, हे नेमके लिहिणे कितीतरी मोलाचे.

रेषा कायमच्या असाव्यात. परवानगी घेऊन प्रत्येक रेषेच्या दोन्ही टोकांना आणि मध्यावर खडकात स्टेनलेस स्टीलचा बोल्ट बसवावा. जीपीएस पाण्याखाली चालत नाही आणि बोल्टवर दोन वर्षांत गुलाबी शैवलाचा थर चढतो, त्यामुळे अक्षांश-रेखांश पुरेसे नाहीत. पहिल्या बोल्टवर थेट उभ्या तरंगणाऱ्या बोयापासून किनाऱ्यावरच्या दोन न हलणाऱ्या खुणांचे होकायंत्राचे अंश लिहावेत, तळावरच्या मोठ्या शिळांचा नकाशा हाताने काढावा, बोल्टपासून जवळच्या शिळेपर्यंतचे अंतर टेपने मोजून त्यावर टाकावे आणि चारही दिशांनी त्या बोल्टची छायाचित्रे घ्यावीत. मग जी व्यक्ती तिथे कधीच गेलेली नाही तिच्या हाती तो नकाशा देऊन तिला एकटीने नव्हे, जोडीदारासह खाली पाठवावे. तिला एका बुडीत बोल्ट सापडला नाही तर नकाशा पुन्हा काढावा.